५९ किलो वजन आणि ८८ सेंटिमीटर कंबर

माझं वजन ५९ किलो होतं आणि उंची पाच फूट दोन इंच. एवढ्या वजनाच्या बाईला कुणी बारीक व्हायला सांगत नाही. उलट "तुझं बरं आहे बाई, काहीही खाल्लं तरी अंगाला लागत नाही" हेच वर्षानुवर्षं ऐकत आले होते. हात बारीक, चेहरा लहान, कुठलीही बांगडी मनगटात सहज जाते. जे काही होतं ते पोटावर, आणि पोट पदराखाली.

ऑफिसच्या वार्षिक तपासणीत ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, २१२ असे जास्त आले आणि गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारं एचबीएवनसी ५.९. हा दुसरा आकडा ५.७ ते ६.४ मध्ये असला की मधुमेहाची पूर्वावस्था धरतात. माझ्या आईला पंचेचाळिशीत मधुमेह निघाला होता, मी तेव्हा एक्केचाळीसची. डॉक्टरीणबाईंनी वजनाच्या रकान्याकडे बघितलंही नाही. खणातून शिंप्याकडे असते तशी टेप काढली आणि कंबर मोजली. ८८ सेंटिमीटर. आपल्याकडे बायकांसाठी ८० ही मर्यादा मानतात, पुरुषांसाठी ९०. "गोळ्या आत्ता नकोत. वजनाचं सोडा, चरबी कमी करा," म्हणाल्या.

घरी येऊन सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना. सासूबाईंचं म्हणणं, रिपोर्ट दुसऱ्याचा आला असेल.

मग वाचायला लागले, तर या विषयातलं महत्त्वाचं काम आमच्या पुण्यातच झालेलं निघालं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. याज्ञिकांच्या गटाने पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये नवजात बाळंही मोजली होती. इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली बाळं सरासरी साडेतीन किलोंची, आपली २.७ किलोंची. वजनातला हा फरक मुख्यतः स्नायूंमध्ये आणि पोटातल्या अवयवांमध्ये होता, कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे बारीक दिसणारं, पण चरबी राखून असलेलं शरीर आपण जन्मतःच घेऊन येतो. हे वाचल्यावर जिवाला थोडं बरं वाटलं. त्याने कंबर कमी होत नाही, ती गोष्ट वेगळी.

माझ्यासारख्या बाईने नुसतं खाणं तोडलं तर वजन उतरेल, पण त्यात स्नायूही जातील. ते आधीच कमी. पन्नास किलोंची होऊनही पोट तसंच राहू शकतं. म्हणून दोन कामं एकदम करायची होती: खाण्यात थोडीशीच तूट, आणि स्नायूंना राहण्यासाठी काहीतरी कारण.

मी अकाउंट्समध्ये काम करते. तूट म्हटल्यावर आधी जमाखर्च मांडायला हवा. शरीर नुसतं पडून राहिलं तरी किती कॅलरी खर्च करतं याचं एक सूत्र आहे, मिफ्लिन-सेंट जिओर नावाचं. किलोमधलं वजन गुणिले १०, अधिक सेंटिमीटरमधली उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, आणि बायकांसाठी आणखी १६१ वजा. माझा हिशेब आला साधारण १२०८. त्याला थोड्या हालचालीसाठी १.३७५ ने गुणलं की १६६० च्या आसपास. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. मी १४०० खायचं ठरवलं, रोज अडीचशेची तूट.

यात लहानखुऱ्या बायकांवर केवढा अन्याय आहे बघा. नव्वद किलोंचा, सहा फुटी माणूस दोन पोळ्या कमी खाऊन मोकळा होतो. इथे एका वडापावात दिवसभराची तूट वसूल! ऑफिसखाली वडापावची गाडी आहे, त्यामुळे हे गणित मला रोज दिसायचं.

वजनकाटा ऑनलाइन मागवला, स्वयंपाकघरात ठेवायचा छोटा. पहिला आठवडा काही बदललं नाही, फक्त जे खात होते ते मोजून वहीत लिहिलं. मोबाइलवरची ॲप्स वापरून पाहिली, पण त्यांना ‘एक वाटी आमटी’ म्हणजे काय ते कळत नाही. कुणाच्या घरची आमटी, कुणाच्या हातची? त्यापेक्षा कच्चं सामान मोजायचं, चौघांत भागायचं आणि लिहायचं, हे सोपं पडलं.

वहीत दोन गोष्टी ठळक दिसल्या. पहिली तेल. आमच्या घरात चार माणसांना महिन्याला पाच लिटरचा डबा लागायचा. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, एका ग्रॅमला ९ कॅलरी. हिशेब केला तर माणशी रोज जवळजवळ ३४० कॅलरी नुसत्या तेलातून जात होत्या. कुणी तळकट खात नव्हतं बरं का. फोडणी, भाजी परतणं, कणकेतलं मोहन, घडीच्या पोळीच्या आतलं तेल, वर तव्यावरचं. सासूबाई फोडणीला बरणीतून थेट तेल ओततात, ते पळीने मोजायचं म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. "आजारी माणसाचा स्वयंपाक करायचाय का?" त्यांच्या बाजूनेही खरं होतं. तवंग नसलेली आमटी पाहुण्यापुढे ठेवायची त्यांच्या पिढीत सोय नव्हती.

भांडण न करता मार्ग निघाला तो असा: महिन्याच्या सुरुवातीला अडीच लिटर तेल काढून ठेवायचं आणि ते संपेपर्यंत दुसरं फोडायचं नाही. कशात किती घालायचं ते त्यांनी ठरवायचं. पळी मोजायला सांगितलं असतं तर सासूबाई रुसल्या असत्या. महिन्याचं एकदम काढून ठेवणं मात्र त्यांना लगेच पटलं, कारण संसार त्यांनी तसाच केला आहे. पोळ्यांवरचं तेल गेलं, फुलके आले, वांग्याच्या भाजीचं तेल त्यांनी हट्टाने तेवढंच ठेवलं. माझे रोजचे १७० वाचले, आणि बाकी तिघांचेही.

दुसरी गोष्ट प्रोटीन. आमच्याकडे रोज वरण असतं, त्यामुळे ‘आम्हाला प्रोटीन मिळतं’ यावर घरात कुणालाच शंका नव्हती. मोजलं तर माणशी वाट्याला पंचवीसेक ग्रॅम डाळ येत होती, म्हणजे प्रोटीन पाच-सहा ग्रॅम. बाकीचं पाणी, हिंग, हळद. सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी पोळी-भाजी, संध्याकाळी चहा-बिस्किटं, रात्री वरण-भात-भाजी. दिवसाची बेरीज चाळीसलाही पोहोचत नव्हती. स्नायू टिकवून चरबी घालवायची तर माझ्या वजनाला सत्तरच्या आसपास तरी हवं होतं.

शाकाहारी घरात चाळीसचे सत्तर करणं, तेही कॅलरी न वाढवता, हे या सगळ्यातलं सर्वांत कठीण काम. ‘शेंगदाण्यात प्रोटीन असतं’ असं जो तो सांगतो. असतं, शंभर ग्रॅममध्ये पंचवीस ग्रॅम. पण त्यासोबत साडेपाचशेहून जास्त कॅलरीही असतात. पनीरचं थोड्याफार फरकाने तेच, अठरा ग्रॅम प्रोटीनमागे पावणेतीनशे-तीनशे कॅलरी. खरे उपयोगाचे निघाले ते सोयाबीन वड्या, ज्यांच्याकडे आम्ही कधी बघत नव्हतो. शंभर ग्रॅम कोरड्या वड्यांत पन्नासच्या वर प्रोटीन आणि तेल जवळजवळ नाहीच. तीस ग्रॅम वड्या गरम पाण्यात भिजवून, पिळून, काळा मसाला घालून रस्सा केला की घरात तो मटणाच्या रश्शासारखा खपतो. खिमाही बरा होतो. नुसत्या उकडलेल्या मात्र कुणाला देऊ नका, रबर लागतात.

मग चक्का. श्रीखंडासाठी बांधतो तोच, साखर न घालता. गाईच्या दुधाचं दही फडक्यात रात्रभर टांगायचं, सकाळी त्यात मीठ, मिरपूड, किसलेली काकडी. निथळलेलं पाणी कणीक भिजवायला. दीडशे ग्रॅम चक्क्यातून बाराएक ग्रॅम मिळतात. मटकीची उसळ पूर्वी भाजी म्हणून दोन चमचे वाढली जायची, आता ती ताटातला मुख्य पदार्थ झाली आणि पोळ्या तिच्या सोबतीला. पिठलं पातळ न करता घट्ट. पोह्यांऐवजी हिरव्या मुगाची धिरडी.

अंडी हा मुद्दा जरा नाजूक होता. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात अंडं शिजत नाही. वाद घालायची माझी इच्छा नव्हती. गॅलरीत एक इंडक्शन, एक वेगळं पातेलं आणि एक ताटली, एवढा संसार थाटला. रोज सकाळी दोन अंडी तिथे उभ्याने उकडते आणि उभ्यानेच खाते. त्यातून बारा-तेरा ग्रॅम. शेजारच्या इमारतीतल्या आजी समोरच्या गॅलरीत तुळशीला पाणी घालत असतात, आमची आता चांगली ओळख झाली आहे.

उपवासांचं काय करायचं? चतुर्थी, एकादशी आणि सासूबाईंचे गुरुवार धरले तर आमच्याकडे महिन्यात बरेच दिवस साबुदाणा भिजतो. साबुदाण्यात प्रोटीन नावालाही नाही, तो निव्वळ स्टार्च. साठ ग्रॅम साबुदाणा, मूठभर दाण्याचं कूट, तूप, बटाट्याच्या फोडी अशी एक बशी साडेचारशेच्या पुढे जाते, आणि दोन तासांत पुन्हा भूक. उपवास सोडायची गरज पडली नाही. राजगिऱ्याची भाकरी, दही, काकडीची कोशिंबीर, यावर एकादशी छान निघते. संकष्टीला रात्री चंद्र बघून जेवायचंच असतं, तेव्हा त्या जेवणात उसळ. देवाला चालतं. साबुदाणा वडा मात्र आषाढीला खाल्ला, मोजला नाही.

आता व्यायाम. सुरुवात तळजाईच्या टेकडीपासून केली, कारण पुण्यात माणूस व्यायाम करायचा म्हटला की आधी टेकडी चढतो. सकाळची हवा छान, मोर ओरडतात, ओळखी होतात. पण तासभर चालून माझ्या वजनाच्या बाईच्या साधारण दोनशे कॅलरी जातात, आणि खाली उतरल्यावर मंडळी नाश्त्याला कुठे जातात ते सगळ्यांना माहीत आहे. चालणं सोडलं नाही. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं इमारतीच्या आवारात फेऱ्या मारणं तर सर्वांत फायद्याचं वाटलं, कारण जेवणानंतर रक्तातली साखर उसळते ती चालण्याने आटोक्यात राहते. पण स्नायूंसाठी ते पुरेसं नव्हतं.

सूर्यनमस्कार शाळेपासून येत होते. माझे आजोबा औंध संस्थानात शिकलेले, तिथे भवानराव पंतप्रतिनिधींनी शाळांमधून सूर्यनमस्कार सुरू केले होते आणि आजोबा म्हातारपणीही घालायचे. मीही घातले. अंग मोकळं होतं, दम लागतो, दंड-छातीला काम मिळतं. पण त्यात काही ओढण्याची हालचाल नाही, त्यामुळे पाठीला काम कमी पडतं. शिवाय वजन वाढवता येत नाही, फक्त संख्या वाढवता येते. स्नायूला दर काही दिवसांनी आधीपेक्षा थोडं जड काहीतरी द्यावं लागतं, ही गोष्ट नमस्कारांत बसेना.

म्हणून जिम. पहिल्या ठिकाणी दुपारची बायकांची बॅच होती. गुलाबी डंबेल्स, ट्रेडमिल आणि पोटासाठी क्रंचेस. "मॅडम, जड उचललं तर पुरुषांसारखे दंड येतील." क्रंचेसने पोटाचे स्नायू बळकट होतात, त्यांच्यावरची चरबी तिथल्या तिथे वितळत नाही. शरीर चरबी कुठून काढायची ते स्वतः ठरवतं. माझ्या शरीराने आधी गाल काढले, मग मनगट, आणि पोट अगदी शेवटी. तिथले पैसे भरलेले महिने संपवले आणि घराजवळच्या एका छोट्या जिममध्ये गेले. तिथली शिकवणारी मुलगी कॉलेजात पॉवरलिफ्टिंग केलेली होती. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, "काकू, बसणं, उचलणं, ढकलणं, ओढणं. चार गोष्टी. आठवड्यातून तीनदा या." काकू म्हटल्याचं वाईट वाटलं, पण कार्यक्रम आवडला.

पहिल्या बैठका सहा किलोंचं डंबेल छातीशी धरून. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरला. तिसऱ्या दिवशी तर देशी संडासात बसणं हाच एक सेट झाला. हे दुखणं सुरुवातीला जास्त असतं आणि नेम राहिला की उणावतं. नवशिक्यांना एक फायदा मिळतो जो पुढे मिळत नाही: खाण्यात थोडी तूट असूनही स्नायू वाढतात, कारण त्यांना याआधी कुणी कामालाच लावलेलं नसतं. प्रोटीन आणि झोप तेवढी हवी. जमिनीवरून बार उचलण्याच्या व्यायामात, म्हणजे डेडलिफ्टमध्ये, मी हळूहळू ४५ किलोंवर आले. भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोंच्या आसपास असतो. तो सरकवायला आता मी कुणाला हाक मारत नाही. पुरुषांसारखे दंड अजून आलेले नाहीत.

स्वतःचं वजन करायचा काटा हा या सगळ्यातला सर्वांत त्रासदायक भाग. पहिल्या दहा दिवसांत दीड किलो उतरलं आणि घरात कौतुक झालं. ती चरबी नव्हती. यकृतात आणि स्नायूंत साठवलेला ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, कमी होतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी जातं. मग व्यायाम सुरू झाल्यावर दोन महिने काटा जागचा हलला नाही, एकदा तर वर गेला. पाळीच्या आधीच्या दिवसांत अंगात पाणी धरतं, किलो-सव्वा किलो सहज वाढतं. त्यावर मी उपाय केला तो हिशेबनीसाचा. या महिन्यातला पाळीनंतरचा आठवडा मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी ताडायचा, इतर कशाशीही नाही. आम्ही सीझनचा धंदाही गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी ताडतो.

जिममधलं चरबी मोजणारं यंत्र पायांतून सौम्य वीज सोडून अंदाज बांधतं. ते पाण्यावर अवलंबून असतं. एकाच दिवशी सकाळी ३४ टक्के आणि संध्याकाळी पाणी पिऊन ३१ दाखवलं तेव्हा त्याचा नाद सोडला. टेप मात्र प्रामाणिक. काटा अडलेल्या त्या दोन महिन्यांत कंबर ८६ वरून ८४ वर आली. ब्लाउजच्या बाह्या घट्ट झाल्या आणि परकराची नाडी जास्त आत ओढावी लागली. शिंपीणबाई म्हणाल्या, असं माप त्या पहिल्यांदाच बदलतायत.

गेलेली चरबी जाते कुठे, हे मी लेकीच्या विज्ञानाच्या अभ्यासाच्या निमित्ताने वाचलं. मुख्यतः घामातून नाही, ‘ऊर्जेत रूपांतर’ होऊनही नाही. २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मीरमन आणि ब्राउन या संशोधकांनी हिशेब मांडला होता: दहा किलो चरबी जळली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते आणि १.६ किलोंचं पाणी होतं. लेकीने हे शाळेत सांगितलं तर कुणाला खरं वाटलं नाही.

नातेवाइकांचं म्हणाल तर चार महिन्यांनी "चेहरा किती उतरलाय, काही होतंय का?" सुरू झालं. जी मंडळी सव्वाशे कॅलरींचा एक उकडीचा मोदक आग्रहाने वाढतात तीच नंतर तब्येतीची चौकशी करतात. गणपतीत आणि दिवाळीत मी तूट धरलीच नाही. मोदक खाल्ले, वर तूपही घेतलं, जिमला गेले, वजन आहे तिथे राहिलं तरी पुरे असं धरून चालले. दिवाळीच्या फराळात चकली आणि शंकरपाळे डब्यात समोर दिसले की खाल्ले जातात, म्हणून डबा वरच्या फडताळात गेला. घरात त्यावरून थोडी कुरबुर झाली.

वर्ष संपायला आलं तेव्हा पुन्हा तपासणी झाली. ट्रायग्लिसराइड्स १४१, एचबीएवनसी ५.६. वजन ५६, म्हणजे फक्त तीन किलो उतरलं. कंबर ८१. अजून मर्यादेच्या एक सेंटिमीटर वर आहे आणि गेले काही महिने तिथेच अडली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हेच चालू ठेवा, आणि रात्री साडेअकरापर्यंत जागणं बंद करा. दुसरं अजून जमलेलं नाही. मार्चमध्ये तर अजिबात जमत नाही.

जेवण मोजणं आता थांबलं आहे. कुठल्या वाटीत किती उसळ मावते ते डोळ्यांना कळतं, महिन्याचं तेल सासूबाई स्वतःच काढून ठेवतात आणि महिनाअखेर पावशेर उरलं की मला दाखवतात. काट्यावर आता फक्त शेंगदाणे चढतात. त्यांच्या बाबतीत माझा स्वतःच्या मुठीवर विश्वास नाही.